विल्म्स अर्बुद : बालक आणि प्रौढ

रोगांच्या वर्गीकरणाचा प्रश्न वरवर पाहता केवळ नावांचा वाटतो. परंतु नावावरून उपचार ठरत असल्यामुळे त्यातील चुकीची किंमत रुग्णास मोजावी लागते. विल्म्स अर्बुद ह्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे. हा रोग मुख्यत्वे पाच वर्षांखालील बालकांचा होय. प्रौढांत तो अत्यंत विरळा आढळतो.

मूत्रपिंडाच्या अर्बुदांची मीमांसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झाली. प्रौढांतील नेहमीचे अर्बुद मूत्रपिंडात राहून गेलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या अवशेषांपासून उद्भवते, असे मत पॉल ग्राविट्झ यांनी १८८३ मध्ये मांडले. हे मत दीर्घकाळ टिकले. ह्या अर्बुदाचा उगम मूत्रनलिकेच्या पेशींत आहे, ह्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९६० मध्ये भक्कम पुष्टी दिली. मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये बालकांतील मिश्र अर्बुदांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अर्बुदाचे वर्णन त्यांच्यापूर्वीही झाले होते. तथापि त्यातील विविध ऊतींचा उगम एकाच भ्रूणावस्थेतील पेशींत आहे, हे प्रतिपादन त्यांचे विशेष कार्य होय. एका अर्बुदाचे मूळ पक्व मूत्रनलिकेत, तर दुसऱ्याचे अपूर्ण राहिलेल्या भ्रूणविकासात. अवयव एक असला तरी रोग भिन्न आहेत.

विसाव्या शतकात दोहोंचे उपचारही भिन्न झाले. बालकांत शस्त्रक्रियेस क्ष-किरणांची जोड मिळाली. सेलमन वॅक्समन व बॉइड वुडरफ यांनी १९४० मध्ये मृदेतील सूक्ष्मजीवापासून ॲक्टिनोमायसिन वेगळे केले होते. त्याच कुळातील ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध पुढे सिडनी फार्बर यांनी बोस्टन येथे ह्या रोगावर वापरले. अमेरिकेत १९६९ पासून अनेक रुग्णालयांचे संयुक्त अध्ययन सुरू झाले व बालकांचा हा रोग बहुतांशी साध्य ठरला. प्रौढांच्या नेहमीच्या मूत्रपिंड-कर्करोगावर मात्र जुनी पेशीनाशक औषधे फारशी परिणामकारक ठरली नाहीत; तेथे शस्त्रक्रिया हाच मुख्य आधार राहिला.

विल्म्स अर्बुद झालेला प्रौढ रुग्ण नेमका ह्या दोन परंपरांच्या मध्ये सापडला. त्याचे मूत्रपिंड नेहमीचा कर्करोग समजून काढले जाई आणि खरे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होई. पुढील उपचारास त्यामुळे विलंब लागे, किंवा तो अपुरा पडे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अहवालात तीन वर्षे जगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर बालकांचे ७४ टक्के होते. ह्यावरून प्रौढांतील रोग स्वभावतःच अधिक घातक असावा, असा तर्क सहज संभवत होता. परंतु बालकांच्या पद्धतीनुसार उपचार झालेल्या प्रौढांच्या २००४ मधील अहवालांत जगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलेले दिसते.

ह्या आकड्यांची तुलना जपूनच केली पाहिजे. रुग्णसंख्या अल्प होती आणि मधल्या काळात निदानाची साधनेही सुधारली होती. शिवाय व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधाचा मज्जातंतूंवरील दुष्परिणाम प्रौढांस अधिक बाधतो. म्हणून बालकांची पद्धती प्रौढांस जशीच्या तशी लावता येत नाही. वयास महत्त्व आहेच. तथापि पूर्वीच्या निराशाजनक फलिताचा मोठा भाग रोगाच्या स्वभावातून नव्हे, तर उपचाराच्या व्यवस्थेतून निपजला होता, असा निष्कर्ष काढण्यास आधार आहे. विल्म्स यांनी अर्बुदाचे कूळ शोधले, रुग्णाचे वय नव्हे. प्रौढाच्या रुग्णशय्येपर्यंत हा विचार पोहोचण्यास मात्र जवळजवळ एक शतक जावे लागले.