चला ब्लूबेरी तोडायला! फ्रिस्कोकरांसाठी माहिती



मे महिना संपत आला आणि शाळांना सुट्या लागल्या, की आपल्या फ्रिस्कोमध्ये दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे फिरवून आणायचं? आणि मुलांना टीव्हीसमोरून उठवायचं कसं? दोन्हींचं एक चांगलं उत्तर आहे, 'पिक युवर ओन' मळा. म्हणजे बादली घ्या, स्वतःच्या हाताने फळं तोडा, वजन करा, पैसे द्या आणि घरी न्या. आपल्याकडच्या हुरडा पार्टीत शेतकरी कणसं भाजून हातात देतो आणि आपण नुसते खातो. इथे मात्र काम आपल्यालाच करावं लागतं, आणि खरी मजा त्यातच आहे.

दरवर्षी मंडळात याबद्दल बरीच विचारणा होते, म्हणून ब्लूबेरीच्या मळ्यांची माहिती इथे एकत्र देत आहे.

फ्रिस्कोत ब्लूबेरी का होत नाही?

याचं उत्तर आपल्या पायाखालीच आहे. आपल्यापैकी ज्यांनी इथे घर घेतलं आहे त्यांना उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती पाणी सोडायचा सल्ला नक्की मिळाला असेल. कारण इथली काळी चिकणमाती वाळली की आक्रसते, भेगाळते आणि घराचा पाया हलवते. पाऊस पडला की हीच माती फुगते. मराठवाड्यात किंवा विदर्भात शेती असलेल्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. उत्तर टेक्सासच्या या पट्ट्याला 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणतात आणि इथली माती आपल्या कपाशीच्या काळ्या मातीच्याच गटातली आहे. मृदाशास्त्रात दोन्ही 'व्हर्टिसोल' या वर्गात मोडतात. तेव्हा इथेही पूर्वी कापूसच पिकत होता यात नवल नाही. १९०२ मध्ये रेल्वे आली आणि तिच्या आधाराने फ्रिस्को हे कापूस आणि धान्याचं गाव वाढलं. गावाचं नावही त्या रेल्वेवरूनच पडलं. १९९० मध्ये इथे जेमतेम सहा हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली. त्यातली बरीचशी घरं (आपलीसुद्धा!) जुन्या शेतांवरच उभी आहेत.

ही माती कापसाला उत्तम, पण ब्लूबेरीला अजिबात चालत नाही. इथे खाली चुनखडी असल्यामुळे माती अल्कधर्मी असते आणि तिचा पीएच साधारण आठच्या आसपास जातो. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, पीएच साधारण ४ ते ५.५. चुनखडीच्या मातीत तिची मुळं लोह घेऊ शकत नाहीत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि झाड हळूहळू वाळून जातं.

पूर्वेकडे दीड-दोन तास गाडी चालवली की चित्र बदलतं. काळी माती संपते, लालसर वाळूची जमीन लागते आणि पाईनची झाडं दिसू लागतात. पाऊस जास्त, माती निचऱ्याची आणि आम्लधर्मी. देशावरून घाट उतरून कोकणात गेल्यावर काळ्या जमिनीची जांभ्याची लाल माती होते, तसंच काहीसं. फरक इतकाच की मध्ये घाट नाही, आय-२० हायवे आहे.

कुठे जायचं?

फ्रिस्कोहून डॅलस ओलांडायचं आणि आय-२० वरून पूर्वेकडे टेरेल, कॅन्टन या दिशेने जायचं. टायलर शहराच्या पश्चिमेला एडम नावाचं छोटं गाव आहे. तिथला 'ब्लूबेरी हिल फार्म्स' हा मळा आपल्या भागातल्या लोकांच्या माहितीचा आहे. साधारण शंभर मैल, म्हणजे रहदारी नसेल तर पावणेदोन-दोन तास. अथेन्स आणि टायलर या शहरांच्या आसपास आणखीही लहान मळे आहेत. त्याहून लांब जायची तयारी असेल तर नॅकोडोचेस गावात दर जूनमध्ये ब्लूबेरी महोत्सव भरतो. मात्र ते अंतर एका दिवसात जाऊन-येऊन करायला जास्त आहे, मुक्कामाचा बेत करावा.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत.

१) निघण्यापूर्वी त्याच दिवशी सकाळी मळ्याला फोन करा किंवा त्यांचं पान बघा. शनिवारी गर्दीने झाडं रिकामी केली, तर फळं पिकेपर्यंत एखादा दिवस मळा बंद ठेवतात. पाऊस पडला तरी वेळा बदलतात. भाव, रोख रक्कम की कार्ड, हेही तेव्हाच विचारून घ्या.

२) कॅन्टनला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधी गुरुवार ते रविवार मोठा बाजार भरतो. त्या शनिवार-रविवारी आय-२० वर रांगा लागतात. बाजार बघायचा नसेल तर ती तारीख टाळा.

कधी जायचं?

पूर्व टेक्सासमध्ये ब्लूबेरीचा हंगाम मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला चालू होतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे जेमतेम सहा आठवडे. जूनचा दुसरा आणि तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. याच सुमारास वटपौर्णिमा येते. वाणाच्या फळांमध्ये करवंद-जांभूळ कुठून आणायचं हा इथल्या गृहिणींचा नेहमीचा प्रश्न. रंगाने तरी ब्लूबेरी ती जागा भरून काढते!

सकाळी लवकर, मळा उघडताच पोहोचणं उत्तम. दहा-साडेदहानंतर ऊन चटका देऊ लागतं आणि जूनमध्ये दुपारी तापमान ९५ अंश फॅरनहाइटपर्यंत सहज जातं.

झाडाची थोडी ओळख

आज दुकानात मिळणारी ब्लूबेरी फार जुनी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत लोक ती रानातूनच गोळा करत, आपण करवंदं गोळा करतो तशी. तिला खास आम्लधर्मी माती लागते हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोगांनी सिद्ध केलं आणि १९१० मध्ये प्रसिद्ध केलं. ते वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाईट यांनी त्यांना आपली जमीन देऊ केली. बाईंनी आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना सर्वांत मोठ्या फळाची झुडपं शोधून आणायला पैसे दिले आणि झुडपांना शोधणाऱ्यांची नावं दिली. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विक्रीला गेलं.

न्यू जर्सीची ती जात थंड हवेची. टेक्सासच्या उन्हात टिकते ती दक्षिणेकडची 'रॅबिटआय' जात. अर्धवट पिकलेलं गुलाबी फळ पांढऱ्या सशाच्या डोळ्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. मळ्यावर टिफब्लू, क्लायमॅक्स, ब्रायटवेल अशा पाट्या दिसतील. टिफब्लू हा वाण १९५५ मध्ये जॉर्जियातल्या टिफ्टन या गावाहून आला. एका वाणाचे परागकण दुसऱ्याला मिळाले तरच फळ चांगलं धरतं, म्हणून मळ्यात वाण आलटून पालटून लावलेले असतात. प्रत्येकाची चव थोडी वेगळी. मुलांना यातलं एवढंच सांगितलं तरी ती वाटेत "अजून किती वेळ?" विचारायची थोडी कमी होतील.

बरोबर काय न्यायचं?

- पाणी, वाटतं त्याच्या दुप्पट. टोपी आणि सनस्क्रीन.
- पूर्ण लांबीची पँट, मोजे आणि बंद बूट. गवतात चिगर नावाचे बारीक किडे आणि लाल फायर अँट मुंग्या असतात. सँडल घालून गेलात तर रात्रभर पाय खाजवत बसाल. कीटकनाशक स्प्रे लावून घ्या.
- फळांसाठी उथळ पसरट डबे आणि बर्फ घातलेला कूलर. तोडलेली फळं तापलेल्या गाडीत तासभर ठेवली तर मऊ पडतात.
- ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची. झुडपं माणसाच्या उंचीची असल्यामुळे वाकावं लागत नाही, पण अधूनमधून बसावंसं वाटतं.
- जेवणाचा डबा. मळ्याबाहेर गाव लहान असतं, शाकाहारी जेवण मिळेलच असं नाही. धपाटे आणि दही हा बेत उत्तम!

मुलांना दोन गोष्टी बजावून सांगा. कुंपणाजवळच्या झाडीत हात घालायचा नाही, कारण पूर्व टेक्सासमध्ये कॉपरहेड जातीचे विषारी साप आहेत. आणि तीन-तीन पानांच्या गुच्छाची वेल दिसली तर शिवायचं नाही. ती पॉइझन आयव्ही असू शकते आणि तिने अंगावर पुरळ उठतं.

कसं तोडायचं?

ब्लूबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर मऊ होते, पण गोड होत नाही. म्हणून पिकलेलीच तोडायची. पूर्ण निळं झालेलं फळ लगेच तोडण्यासारखं दिसतं, पण देठाकडची बाजू बघा. तिथे लालसर कडं असेल तर फळ अजून आंबट आहे, दोन-चार दिवस झाडावर राहू द्या. घोसाखाली ओंजळ धरायची आणि अंगठ्याने हलकेच लोटायचं. पिकलेलं फळ आपोआप ओंजळीत पडतं. ओढावं लागलं तर समजा ते पिकलेलं नाही. बादलीला दोरी बांधून ती कमरेला अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात.

फळावरची पांढुरकी साय पुसू नका. ती औषधाची पूड नाही, फळाचं स्वतःचं मेणाचं आवरण आहे आणि त्यानेच फळ टिकतं. फवारणीची शंका असेल तर मळेवाल्यांना सरळ विचारा, ते मोकळेपणाने सांगतात.

मळ्यावर वागताना

हा भाग कृपया सर्वांनी वाचावा. शेतकऱ्याचं वर्षभराचं उत्पन्न या सहा आठवड्यांत यायचं असतं. मार्चमध्ये झाडं फुलोऱ्यात असताना उशिरा थंडीची लाट आली तर तेही अर्ध्यावर येतं. शिवाय पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या याच फांद्यांवर उन्हाळ्याअखेर धरतात. आज मोडलेली फांदी म्हणजे पुढच्या जूनचं फळ गेलं.

१) चव बघायला चार-दोन फळं खाल्ली तर कोणी काही म्हणत नाही. पण पोटभर खाऊन बादलीत मूठभर घेऊन तराजूवर जाणं बरं नाही. शेतकरी बोलत नाही, पण बघत असतो.
२) हिरवी-लाल फळं तोडून टाकू नका. तोडलेलं सगळं फळ आपलं, त्याचे पैसे द्यायचे.
३) भावाची घासाघीस करू नका.
४) दहा-बारा कुटुंबं एकत्र जाणार असाल तर आधी कळवा. एकदम चाळीस माणसं उतरली तर पार्किंग आणि झाडं दोन्ही पुरत नाहीत.
५) मुलांना ओळींमधून पळू देऊ नका आणि नेमून दिलेल्या ओळीतच तोडा.
६) फाटकावर सूचनेची पाटी असेल, किंवा एखाद्या कागदावर सही मागतील. टेक्सासमध्ये २०१५ साली कृषी पर्यटनाचा कायदा झाला. त्यानुसार अशी पाटी लावली किंवा सही घेतली, तर शेतातल्या नेहमीच्या धोक्यांमुळे झालेल्या इजेची जबाबदारी सहसा शेतकऱ्यावर येत नाही. पाटी वाचा आणि मुलांवर लक्ष ठेवा.

लहान गावात पाहुणे लक्षात राहतात. आपण कसे वागलो यावर पुढच्या मराठी कुटुंबाचं स्वागत अवलंबून असतं.

येताना

दुपारी ऊन टळेपर्यंत वेळ असेल तर टायलरमधली गुलाबाची बाग बघता येते. मुलांसाठी तिथलं कॉल्डवेल प्राणिसंग्रहालय आहे, आणि टायलर स्टेट पार्कच्या तळ्यात डुंबताही येतं.

घरी आल्यावर

फळं धुऊन ठेवू नका, ओली फळं लवकर बुरशी धरतात. तशीच फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्यापूर्वी धुवा. जास्तीची फळं न धुता ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. म्हणजे गोळा होत नाही आणि दिवाळीपर्यंत हवी तेवढी काढता येतात. एक गॅलनची बादली भरली की साधारण पाच-सहा पौंड होतात. चौघांच्या कुटुंबाला दोन बादल्या पुरे.

मुरांब्यासाठी दोन वाट्या फळांना एक वाटी साखर आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर शिजवा. फळं फुटून रस दाटसर झाला की वेलची घाला. पोळीबरोबर मुलं आवडीने खातात. श्रीखंडात घालायची असेल तर हाच मुरांबा गार करून घाला, कच्च्या फळांना पाणी सुटतं. आषाढी एकादशी बहुधा हंगामाच्या शेवटाला येते, आणि फळ असल्यामुळे उपासालाही हरकत नाही.

घरी एखादं झाड लावायचं असेल तर

परसातल्या मातीत लावू नका, मोठ्या कुंडीत लावा. कुंडीत आपली काळी माती अजिबात न घालता पीट मॉस आणि पाईनच्या सालीचा भुगा भरा. नळाचं पाणी इथे अल्कधर्मी असतं, म्हणून जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून घाला. रॅबिटआयचे दोन वेगळे वाण शेजारी ठेवा. पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका, झाड जोम धरेल.

तर मंडळी, तारीख ठरवा, आई-बाबांना घेऊन जा. ज्यांनी आयुष्यभर शेती केली किंवा जवळून पाहिली, त्यांना तिथली लाल माती हातात घेऊन बघू द्या आणि आपल्या काळ्या मातीबद्दल नातवंडांशी बोलू द्या. फ्रिस्कोत वाढणाऱ्या मुलांना कपाशीची जमीन आपल्याच घराखाली आहे, हे सांगणारं माणूस त्यांच्याइतकं जाणतं दुसरं कोण मिळणार?