भिंतीआडची क्रीडांगणे

अरब देशांतील विद्यापीठांत शिकणाऱ्या तरुण मुलींच्या व्यायामाचा प्रश्न निघाला, की परकीय निरीक्षक धर्माकडे बोट दाखवून मोकळे होतात आणि स्वदेशीय उपदेशक मुलींच्या आळसाला दोष देऊन स्वस्थ बसतात; परंतु गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास जो कोणी सावकाशीने वाचील त्यास असे आढळेल, की इच्छेचा अभाव हे या प्रश्नाचे मूळ क्वचितच होते, आणि धर्माज्ञेपेक्षाही जागा, वेळ, वाहन, पोशाख व परवानगी या पाच ऐहिक गोष्टींच्या बंदोबस्तावरच मुलींचे धावणे-पोहणे आजवर अवलंबून राहिले आहे. धर्माची साक्ष तर दोन्ही पक्षांना काढता येते. परपुरुषाच्या दृष्टीआड राहण्याचा संकेत एका पक्षाने पुढे केला, की दुसरा पक्ष पैगंबरांनी आपली पत्नी आयेशा हिच्याशी लावलेल्या धावण्याच्या शर्यतीची हदीसमधील कथा सांगतो. म्हणून या इतिहासाचे धागे मशिदीपेक्षा शिक्षणखात्याच्या दफ्तरातच अधिक सापडतात.

प्रारंभ इजिप्तपासून करणे उचित होईल. कैरोतील न्यायाधीश कासिम अमीन यांनी 1899 साली स्त्रीमुक्तीवरील आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अंतःपुरातील कोंडवाड्याने स्त्रीचे शरीर क्षीण होते असा आक्षेप होता, आणि त्याच्या मुळाशी राष्ट्राला सुदृढ माता हव्यात ही चिंता होती. म्हणजे व्यायामाची पहिली प्रेरणा मुलीच्या स्वतःच्या सुखाची नव्हती, तिच्या भावी अपत्यांच्या हिताची होती. 1923 मध्ये हुदा शारावी यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर मुखावरील पडदा दूर केला, 1933 मध्ये इजिप्शियन विद्यापीठातून पहिल्या स्त्री-पदवीधर बाहेर पडल्या, आणि त्याच दशकात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडवणारी संस्था कैरोत उभी राहिली. तीच पुढे 1975 साली स्थापन झालेल्या हेलवान विद्यापीठाची एक शाखा झाली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व इतिहासकारांच्या ध्यानात सहसा येत नाही. ज्या समाजात मुलींना पुरुष शिक्षकाने कवायत शिकवणे अशक्य, तेथे शिक्षिका तयार झाल्यावाचून मैदान असूनही नसल्यासारखेच असते. आणि इजिप्तला ही तजवीज जितकी आधी करता आली, तितकी ती आखातातील राज्यांना करता आली नाही.

1970 नंतर इजिप्तमध्ये विद्यापीठांचे दरवाजे खेड्यापाड्यांतील आणि कनिष्ठ मध्यमवर्गातील मुलींसाठी मोठ्या प्रमाणावर उघडले, आणि त्याच काळात विद्यार्थ्यांच्या धार्मिक संघटनांचा जोर वाढून हिजाब कैरोच्या वर्गांत पुन्हा दिसू लागला. या वेशाने गर्दीच्या बसमधून आणि खचाखच भरलेल्या व्याख्यानगृहांतून मुलींना काहीशा निर्धास्तपणे वावरता आले, हे मान्य केले पाहिजे. परंतु क्रीडांगणावर तोच वेश अडसर ठरला, कारण खेळाचे नियम करणाऱ्यांनी आणि खेळाचे कपडे शिवणाऱ्यांनी त्याचा विचारच केलेला नव्हता. ही उणीव भरून निघण्यास फार काळ लागला. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अहेदा झानेट्टी यांनी ऑस्ट्रेलियात 2004 साली सर्वांग झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला; बहारीनच्या रुकय्या अल घसरा हिने 2006 च्या दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत मस्तक झाकूनच 200 मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले; आणि जॉर्डनचे राजपुत्र अली बिन अल हुसेन यांच्या खटपटीनंतर जागतिक फुटबॉल संघटनेने हिजाबवरील मज्जाव 2014 मध्ये, तर बास्केटबॉल संघटनेने तो 2017 मध्ये उठवला. घरचे वडीलधारे डोके झाकल्यावाचून खेळू देत नाहीत आणि पंच डोके झाकून खेळू देत नाहीत, या कात्रीत तोवर किती मुली खेळास मुकल्या असतील याची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही.

मगरिबातील, म्हणजे वायव्य आफ्रिकेतील अरब देशांतील, कथा निराळी आहे. 1984 साली लॉस एंजेलिस येथे 400 मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकून ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी पहिली अरब स्त्री, मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल, त्या वेळी अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. राजे हसन दुसरे यांनी त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावे नवाल ठेवावीत असे फर्मावले, असे सांगतात. अल्जीरियाच्या हसिबा बूलमर्काने 1991 मध्ये टोकियोत 1500 मीटरचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा तिच्या उघड्या पायांवर मायदेशातील कट्टरपंथीयांनी इतके कोरडे ओढले, की 1992 च्या बार्सेलोना ऑलिंपिकची तयारी तिला परदेशात करावी लागली. तरीही तिने सुवर्णपदक जिंकलेच. 1996 मध्ये सीरियाच्या घादा शुआआने सप्तक्रीडेत हाच मान मिळवला. तथापि पदकांनी अभिमान उत्पन्न होतो, सवय उत्पन्न होत नाही. मुतवक्किल यांना हे उमगले असावे. कारण 1993 साली त्यांनी कासाब्लांकात स्त्रियांसाठी दहा किलोमीटरची लोकदौड सुरू केली, जिच्यात पुढे गृहिणी, विद्यार्थिनी आणि आज्या हजारोंच्या संख्येने धावू लागल्या. माझ्या मते त्यांच्या सुवर्णपदकापेक्षा ही दौड इतिहासात मोठी ठरावी.

या सर्व वृत्तांतात अत्यंत बोधप्रद प्रकरण आहे ते सौदी अरबस्तानाचे. तेथे मुलींचे सरकारी शिक्षण 1960 मध्ये सुरू झाले, पण त्याचा कारभार 2002 पर्यंत धर्मपंडितांच्या अधिपत्याखालील स्वतंत्र खात्याकडे होता, आणि त्या खात्याच्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाला थारा नव्हता. रियाधला मुलींचे पहिले महाविद्यालय 1970 साली निघाले. तेथील दिनक्रम असा, की सकाळी फाटकातून आत आलेली मुलगी दुपारी घरचे वाहन येईपर्यंत आतच राहावयाची. तिला मोटार चालवण्याची मुभा 24 जून 2018 पर्यंत नव्हती, आणि शहरातील स्त्रियांच्या व्यायामशाळांना परवाना मिळत नसल्याने कित्येक व्यायामशाळा रुग्णालयाचा विभाग म्हणून चालत. जिला वाहन, वली म्हणजे घरचा पुरुष पालक, आणि परवाना या तिन्हींची अनुकूलता एकाच वेळी जुळवावी लागते, तिचा व्यायाम नियमित कसा व्हावा?

परंतु येथेच इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. ज्या उंच भिंतीने मुलींना कोंडले, तिनेच त्यांना आडोसाही दिला. फाटकाच्या आत पुरुष नसल्याने अबाया हा अंगभर झगा उतरे, आणि ज्या मुलीला रस्त्यावर चार पावले झपाट्याने टाकणेही संकोचाचे वाटे, ती आवारात निःशंकपणे चेंडू फेकू शके. रियाधच्या राजकन्या नूरा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर 2011 मध्ये उघडला, तेव्हा स्त्रियांच्या या विद्यापीठात तलाव आणि क्रीडागृहे मुळातूनच योजलेली होती. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरबस्तानाने प्रथमच स्त्रिया पाठवल्या: जुदोसाठी वुजदान शहरखानी आणि 800 मीटरसाठी कॅलिफोर्नियातील पेपरडाइन विद्यापीठाची विद्यार्थिनी सारा अत्तार, जी इतरांच्या बरीच मागे राहून शेवटी पोचली आणि जिच्यासाठी प्रेक्षक उभे राहिले. 2013 मध्ये खासगी शाळांतील मुलींना खेळण्याची अनुज्ञा मिळाली, आणि जुलै 2017 मध्ये सरकारी कन्याशाळांत शारीरिक शिक्षण सुरू करण्याचा हुकूम निघाला. हुकूम निघताच शिक्षिका आणि क्रीडागृहे कोठून आणावयाची हा प्रश्न उभा राहिला. कैरोने आठ दशकांपूर्वी जी तजवीज केली होती तिची किंमत तेव्हा कळली.

मग आज सारे अडसर दूर झाले काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुरेसा व्यायाम न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण कुवेतमध्ये 67 टक्के आणि सौदी अरबस्तानात 53 टक्के आढळले, आणि स्त्रियांत ते पुरुषांहून अधिक होते. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत चढणारा पारा, परीक्षांचा ताण, घरकामाचा वाटा, कोणीतरी चोरून छायाचित्र काढील ही धास्ती, आणि अभ्यास सोडून हे काय चालवले आहे असा घरातील प्रश्न, हे अडथळे कोणत्याही फर्मानाने एका दिवसात नाहीसे होत नाहीत. प्रेरणा मात्र पालटली आहे. राष्ट्रमातेचा आदर्श मागे पडला. घरोघरी शिरलेला मधुमेह, सुडौल दिसण्याची हौस, मैत्रिणींची संगत आणि दिवसाच्या अखेरीस मनाला मिळणारी शांती ही आजच्या विद्यार्थिनीची कारणे आहेत, आणि ती तिची स्वतःची आहेत.

कतारने 2012 पासून फेब्रुवारीतील दुसरा मंगळवार क्रीडेसाठी राष्ट्रीय सुट्टीचा ठरवला. एक दिवस चांगलाच. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा प्रश्न विद्यापीठांच्या वेळापत्रकातच सुटावयाचा आहे. मुलीला व्यायामासाठी घरी वेगळी परवानगी आणि वेगळी मोटार मागावी लागू नये, तो तिच्या अभ्यासक्रमाच्या तासांतच, श्रेयांकासह आणि शिक्षिकेच्या देखरेखीखाली घडावा, एवढी साधी व्यवस्था जेथे झाली तेथे मुलींना उपदेश करण्याची गरज फारशी पडत नाही. आणि जेथे ती झाली नाही, तेथे मुलींच्या उदासीनतेविषयी बोलण्याचा अधिकार शिक्षणखात्यालाही नाही, आणि आपल्यासारख्या दुरून पाहणाऱ्यांनाही नाही.