स्मार्ट घर: बिनतारी प्रणाली बदलताना

केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत जबलपूरचा समावेश होता. १९४२ पासून दूरसंचाराचे प्रशिक्षण देणारी आणि आज भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्थाही याच शहरात आहे. शहराची यंत्रणा प्रशासन उभारते. घरातील दिवे, पंखे आणि कुलपे मोबाइलवरून चालविणाऱ्या यंत्रणेची निवड मात्र गृहस्थालाच करावी लागते. ही निवड चुकल्यास किंवा जुनी प्रणाली बंद पडल्यास चांगली उपकरणेही निरुपयोगी ठरू शकतात.

पहिला प्रश्न लहरींचा. झिगबी ही प्रणाली प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि ही कंप्रता जगभर वापरली जाते. झी-वेव्हची कंप्रता मात्र देशानुसार बदलते. अमेरिकेत ती ९०८.४, तर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे. भारताने २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने तेथील बाजारातून घेऊन पाठविलेले झी-वेव्हचे कुलूप जबलपुरातील आई-वडिलांच्या घरी, भारतासाठी बनविलेल्या नियंत्रकाशी जोडले जाणार नाही.

दुसरा प्रश्न नियंत्रणाच्या जागेचा. काही नियंत्रक घरातच निर्णय घेतात, तर काही कंपनीच्या दूरवरील सर्व्हरवर अवलंबून असतात. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह या नियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा ग्राहकांच्या घरातील सुस्थितीतील यंत्रेही निकामी झाली.

स्थलांतराचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा:

१. सर्व उपकरणांची आणि स्वयंचलित वेळापत्रकांची नोंद करावी. वेळापत्रके सहसा आपोआप नव्या प्रणालीत येत नाहीत.

२. जुना नियंत्रक चालू असतानाच प्रत्येक उपकरण त्यातून वगळावे. झिगबी किंवा झी-वेव्हचे उपकरण एका वेळी एकाच जाळ्यात राहते.

३. सतत विजेवर चालणारी उपकरणे आधी जोडावीत. या दोन्ही प्रणालींत बहुधा तीच इतरांचे संदेश पुढे पोहोचवितात. बॅटरीवरील संवेदक त्यानंतर जोडावेत.

४. मुख्य दाराचे कुलूप सर्वांत शेवटी हलवावे आणि साधी किल्ली हाताशी ठेवावी.

हा खटाटोप कमी व्हावा, यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले. वायफाय, थ्रेड आणि इथरनेट यांवर चालणारे मॅटरचे उपकरण एकाच वेळी अनेक प्रणालींना जोडता येते. जुनी झिगबी उपकरणे थेट मॅटरची होत नाहीत. मात्र त्यांचा नियंत्रक मॅटरला दुवा देत असेल, तर ती वापरात राहू शकतात.

म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: उपकरण भारतीय कंप्रतेचे आहे काय आणि इंटरनेट खंडित झाल्यावर ते घरातून चालेल काय?