६६, ८३, १००

आमच्या घरात एक गोष्ट गेली पंचवीस वर्षं सांगितली जातेय. बाबांनी हौसेने कॉम्प्युटरवर टाइप केलेला आमचा कुलवृत्तांत १९९९ साली 'चेर्नोबिल' व्हायरसने खाल्ला. लग्नकार्यात आत्या ती अजून सांगते आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. व्हायरस खराच होता. २६ एप्रिल १९९९ ला त्याने जगभर असंख्य मशीन्स आडवी केली, डिस्कची सुरुवात पुसली, कित्येकांचा बायॉससुद्धा उडवला. पण आमच्या घरी तो आलाच नव्हता. आमच्या घरी मी होतो.

तर मंडळी, ही हकीकत सेलेरॉन ३००ए नावाच्या प्रोसेसरची आहे. आमच्या वयाच्या कॉम्प्युटरवेड्यांना हे नाव ऐकून अजून गुदगुल्या होतात.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने काही नवे प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा हा सेलेरॉन, ३०० मेगाहर्ट्झचा, १४९ डॉलर. गरिबाघरचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये एल-टू कॅश अजिबात नव्हती, त्यामुळे लोकांनी त्याला नाकं मुरडली होती. मग इंटेलने ३००ए मध्ये १२८ केबी कॅश थेट मुख्य चिपवरच बसवली. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी, म्हणजे चौपट, पण ती शेजारच्या वेगळ्या चिप्सवर आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची लहान, पण पूर्ण वेगाने पळणारी. म्हणजे स्वस्तातला माल करता करता इंटेलने घोडाच बनवून ठेवला होता, फक्त लगाम आखडलेला.

लगाम म्हणजे एक साधा गुणाकार. प्रोसेसरचा वेग = बसचा वेग गुणिले गुणक. गुणक इंटेलने कुलूपबंद करायला घेतला होता, त्याचं एक कारण म्हणजे चिपवरचा छाप खरवडून, वरचा आकडा छापून विकणारे लबाड व्यापारी. ३००ए चा गुणक ४.५ वर पक्का होता. पण बसचा वेग तर मदरबोर्डच्या हातात! ६६ गुणिले ४.५ म्हणजे ३००. बस १०० केली की ४५०. महागड्या भावाचाच आकडा. 'अबिट बीएच-६' सारख्या मदरबोर्डवर हे बायॉसमधूनच व्हायचं. इतर बोर्डांसाठी लोक प्रोसेसरच्या कडेची बी-२१ नावाची एक पिन चिकटपट्टीने नाहीतर चक्क नेलपॉलिशने झाकायचे, म्हणजे बोर्डाला वाटायचं की हा शंभरवालाच आहे.

आता माझं. बारावीची परीक्षा संपलेली, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं मशीन घरात, आणि बाबा ऑफिसला. एकदम १०० करायची छाती झाली नाही. मध्यमवर्गीय माणूस मी, मधला मार्ग काढला. बायॉसमध्ये ८३ चा पर्याय होता, तो निवडला. ४.५ ने गुणून साधारण ३७४. मशीन सुरू झालं, गेम सुसाट पळाला. प्रोसेसरला हात लावून पाहिला, फारसा तापलाही नव्हता. मी खूश.

इथेच मेख होती. बसच्या ठोक्यावर एकटा प्रोसेसर चालत नाही. त्याच ठोक्याला भागून पीसीआय बसचा ठोका निघतो, आणि हार्ड डिस्कची ये-जा तिच्यावरून होते. पीसीआयला ३३ मेगाहर्ट्झ हवेत. ६६ ला २ ने भागा, ३३. १०० ला ३ ने भागा, पुन्हा ३३. पण ८३ ला आमचा बोर्ड २ नेच भागत होता. म्हणजे मी भीत भीत निवडलेला आकडा प्रोसेसरला सोपा होता आणि डिस्कच्या मुळावर आला होता. ज्यांनी बेधडक १०० गाठले त्यांच्या डिस्कला ठोका बदलल्याचा पत्ताही लागला नसेल.

आठवड्याभरात फाइल्स उघडेनाशा झाल्या, मग विंडोज ९८ उठेना. कुलवृत्तांताचा पणजोबांपर्यंतचा भाग फ्लॉपीवर होता. पुढची वीसेक पानं बाबांनी काकूआजीजवळ बसून, ऐकून, घरी येऊन थेट टाइप केली होती. ती गेली. त्याच सुमारास पेपरात चेर्नोबिलची बातमी आली आणि माझ्या तोंडून "व्हायरस" निघून गेलं. बाबा पुन्हा काकूआजीकडे जायचं म्हणत राहिले. दोनदा बेतही झाला. २००० साली ती गेली.

असो. त्या सुट्टीत मी हा विषय नीट शिकलो, कदाचित अपराधी वाटत होतं म्हणून. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. या चिपला २ व्होल्ट लागायचे. ४५० वर डळमळली की लोक २.२ पर्यंत चढवायचे, म्हणजे उष्णता मूळच्या साधारण १.८ पट. म्हणून आधी मोठा पंखा, मग वेग, आणि व्होल्टेज अगदी शेवटी, तेही चिमूटभर. आणि "विंडोज सुरू झालं" ही परीक्षाच नव्हे. त्यासाठी प्राइम-९५ होता, जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली अवाढव्य मूळ संख्या शोधायला सुरू केलेल्या प्रकल्पातला प्रोग्राम. तो प्रोसेसरकडून तासन्‌तास गणितं करून घेतो आणि आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून बघतो. एक चूक निघाली की वेग खाली आणायचा. माझं मशीन १०० वर रात्रभर एकही चूक न करता चाललं. रॅम नशिबाने पीसी-१०० होती. २००४ पर्यंत ते तसंच ४५० वर चाललं, एकही फाइल न गमावता.

पुढे २०११ च्या इंटेल प्रोसेसरांमध्ये सगळ्याच बसेसचे ठोके एका घड्याळाला इतके बांधून टाकले की बस थोडीशी हलवली तरी बाकीचं कोलमडायचं. उघडा गुणक 'के' अक्षर लावून जादा पैशांत विकायला ठेवला. चोरवाट होती तिथे टोलनाका आला. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही.

बाबांना मी २००६ साली सांगितलं. जन्म हिशेबात गेलेला माणूस. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्र्याऐंशी भागिले दोन किती होतात रे?"

"साडेएक्केचाळीस."

"आणि हवे होते तेहेतीस," एवढं म्हणून ते चहा ठेवायला उठले.

आत्याला हे आज इथेच कळतंय.