पोकेमॉन कार्ड अस्सल की बनावट, कसं ओळखायचं?

पोकेमॉन कार्डांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला आणि १९९९ मध्ये त्याची इंग्रजी कार्डं अमेरिकेत आली. त्या पहिल्या इंग्रजी संचातल्या चारिझार्डसाठी संग्राहक आज मोठी रक्कम मोजतात. जिथे पैसा, तिथे नक्कल आलीच. मग पैसे देण्याआधी काय तपासायचं?

आधी तुलनेसाठी कार्ड मिळवा

त्याच भाषेतलं आणि शक्यतो त्याच संचातलं एखादं खात्रीचं, साधं कार्ड जवळ ठेवा. साधी कार्डं स्वस्तात मिळतात. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की बरेच फरक लगेच दिसतात.

आकार आणि मागची बाजू

अस्सल कार्ड साधारण ६३ मिमी रुंद आणि ८८ मिमी उंच असतं. बनावट कार्डाची मागची निळी बाजू अनेकदा फिकट किंवा जांभळट दिसते. मात्र जपानी कार्डांची मागची रचना इंग्रजी कार्डांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे ती वेगळी दिसली म्हणून लगेच बनावट ठरवू नका.

मजकूर आणि क्रमांक

स्पेलिंग, अक्षरांची जाडी आणि चिन्हांच्या जागा पाहा. कार्डाचा क्रमांक संचाच्या यादीशी जुळवा. पहिल्या इंग्रजी संचातल्या चारिझार्डवर ४/१०२ हा क्रमांक आणि १२० एचपी असतात.

भिंगातून छपाई

अस्सल कार्डाच्या चित्रात रंगीत ठिपके दिसतात, पण काळी अक्षरं सलग आणि रेखीव असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची आणि कडेला पुसट दिसतात.

उजेडाची चाचणी

अस्सल कार्डाच्या कागदात मधे काळपट थर असतो, त्यामुळे उजेड कमी आरपार येतो. पुष्कळ बनावट कार्डांतून तो सहज दिसतो. पण कार्डाचा प्रकार आणि टॉर्चची ताकद यांनुसार फरक पडतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. हा थर बघण्यासाठी कार्ड फाडायचा सल्लाही काही जण देतात. तो ऐकू नका: कार्ड अस्सल निघालं, तर नुकसान तुमचंच.

सोनेरी कार्डं आणि सीलबंद डब्या

खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लास्टिक कार्डांची पाकिटं बनावट असतात. कंपनीने धातूची कार्डं काढली आहेत, पण ती मोजकी आणि खास संचांतली. पीएसएसारख्या संस्थेने तपासून डबीत बंद केलेलं कार्ड घेत असाल, तर डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. खरा क्रमांक चोरून बनावट डबीवर छापला जातो, म्हणून तिथे छायाचित्र असेल तर तेही जुळवून पाहा.

लक्षात ठेवा

कोणतीही एक खूण पुरेशी नसते. दोन-तीन गोष्टी खटकल्या किंवा विक्रेता जवळून काढलेले फोटो द्यायला तयार नसेल, तर व्यवहार सोडून द्या.