२१ जानेवारी : चित्रकार लक्ष्मण पै यांचा जन्म (१९२६)

लक्ष्मण पै मूळचे मडगावचे. रंगांची गोडी लागली ती मामांच्या माउझो फोटो स्टुडिओत. तेव्हा फोटो कृष्णधवलच असत. त्यांवर तैलरंग चढवण्याचे काम पोरवयातल्या लक्ष्मणकडे होते. छापील चेहरा बिघडू न देता रंग भरायचा, म्हणजे हात बसायलाच हवा. पुढे गोवा मुक्तीच्या चळवळीत पोर्तुगीजांनी त्यांना तीनदा पकडले, मारहाणही केली. मग घरच्यांनी मुंबईला धाडले. जे. जे. कलाशाळेत ते शिकले, तिथेच शिकवूही लागले. १९५१ मध्ये पॅरिस गाठले आणि दहा वर्षे तिथे काढली. भित्तिचित्रण आणि एचिंगचे शिक्षण तिथलेच. तरी रेषेचे वळण मात्र भारतीयच राहिले. त्या काळच्या पॅरिसमध्ये हे सोपे नसावे. संगीताचा नाद मोठा, त्यामुळे रागांवरही त्यांनी चित्रमालिका केली. १९७७ ते १९८७ या काळात ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पद्मभूषण मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी. जरा उशीरच झाला म्हणायचा. १४ मार्च २०२१ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.