निबंधाच्या वहीबाहेरचं गाव

आजोबा चौथीत असतानाच गावाचे वाचक झाले होते. संध्याकाळी पारावर कंदील लागला की जमलेल्या बाप्यांना 'दीनमित्र' वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे असायचं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं हे साप्ताहिक आमच्याच नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघायचं. वर्तमानपत्रं पुण्या-मुंबईची असतात असं सगळ्यांनी धरून चाललेल्या त्या काळात एका खेड्यात सत्यशोधकांचा छापखाना चालत होता. मुकुंदरावांनी १९६७ सालापर्यंत, म्हणजे अगदी अखेरपर्यंत, हे पत्र चालवलं. नगर जिल्ह्याच्या इतिहासात किल्ल्याला आणि सुलतानांना जेवढी पानं मिळतात, त्यातली निदान दोन तरवडीच्या छापखान्याला मिळायला हवीत, असं मला नेहमी वाटतं.

अंक आला की आधी सावकारीवरचा मजकूर शोधावा लागे, कारण ऐकणाऱ्यांतले निम्मे कर्जात असायचे. मग लग्नातल्या उधळपट्टीवरचा, मग पोरींना शाळेत घालण्यावरचा. एखादं वाक्य डोक्यावरून गेलं की कुणीतरी म्हणायचं, "माघारी वाच रं पोरा, दमानं." आजोबा सांगायचे, पहिल्यांदा वाचताना मी नुसती अक्षरं वाचायचो, माघारी वाचताना मला स्वतःला कळायचं. दहा वर्षांचं पोर शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, जातीच्या उतरंडीबद्दल मोठ्या माणसांना वाचून दाखवतंय आणि ती माणसं हुंकार देताहेत.

आणि सकाळी तेच पोर शाळेत जायचं. लोकल बोर्डाची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. महारवाड्यातल्या दोन पोरांना देवळात येता येत नसे, म्हणून ती बाहेर लिंबाखाली बसत. सावली सरकेल तशी सरकत. आतून मास्तरांचा आवाज जेवढा ऐकू येईल तेवढं त्यांचं शिक्षण. गणित तपासायला मास्तर बाहेर आले की पोरानं पाटी मातीवर ठेवायची आणि चार पावलं मागं व्हायचं. मास्तर वाकून बघायचे. चुकलेल्या आकड्याजवळ छडीचं टोक टेकवायचे. मग मास्तर वळले की पोरानं पुढं होऊन पाटी उचलायची, थुंकी लावून तो आकडा पुसायचा, नवा मांडायचा, पुन्हा पाटी खाली, पुन्हा चार पावलं मागं. पाटी हातात घेऊन बरोबरची खूण आतल्या पोरांना मिळायची. बाहेरच्यांना मिळायची नाही, उत्तर बरोबर असलं तरी. "त्यातल्या एकाचं अक्षर माझ्याहून देखणं होतं," एवढं आजोबा दर वेळी सांगायचे आणि थांबायचे.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ सालीच मंजूर केला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. आमच्या लिंबाखाली तो १९४० सालीही पोचला नव्हता.

१९४२ च्या ऑगस्टनंतर गावात कुजबुज सुरू झाली की नगरच्या किल्ल्यात मोठी माणसं आणून ठेवलीत. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, काँग्रेस कार्यकारिणीतले बारा जण तिथं होते. पुढं १९४४ साली याच किल्ल्यात पंडितजींनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नगरचेच अच्युतराव पटवर्धन तेव्हा भूमिगत होते आणि पोलिसांच्या हाती लागत नव्हते. ही नावं पोरांच्या तोंडी होती. एका सकाळी चावडीच्या भिंतीवर खडूनं 'चले जाव' लिहिलेलं सापडलं. पाटलाच्या माणसांनी ते पुसलं, कुणी लिहिलं म्हणून शाळेत चौकशी झाली. मास्तरांनी सगळ्यांच्या पाट्या पालथ्या घालून पाहिल्या आणि "यातलं कुणाचंच नाही" असं सांगून टाकलं. अक्षर त्या लिंबाखालच्या पोराचं होतं. मास्तरांनी ओळखलं होतं, आजोबांनीही ओळखलं होतं. जो मास्तर त्याची पाटी हातात घेत नव्हता, त्यानं त्याला धरूनही दिलं नाही. आजोबांना आयुष्यभर या मास्तरांचा राग पुरता करता आला नाही आणि आदरही पुरता करता आला नाही. मला वाटतं, त्या पिढीच्या बऱ्याच चांगल्या माणसांचं माप हेच आहे.

तो मुलगा पुढं फायनलची परीक्षा पास झाला आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला. गावात परत राहायला आला नाही.

आजीचं माहेर नगर शहरातलं. ती मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, तेवढ्यासाठी तिच्या वडिलांनी भावकीचं बोलणं खाल्लं. पोरगी बाटेल, हीच भीती. आजी सांगायची, "शिवण शिकले, भूगोल शिकले, बाटले न्हाई." त्या शाळांच्या मागं मोठी परंपरा होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात काम करत होतं आणि सिंथिया फरार या अविवाहित बाईंनी कित्येक वर्षं नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले नगरला आले असताना त्यांनी ही मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही नगरला फरारबाईंकडे. देशातल्या मुलींच्या शिक्षणाची गोष्ट पुण्याच्या भिडेवाड्यापासून सुरू करायची सवय आपल्याला लागली आहे. त्याआधीचा एक मुक्काम नगरचा आहे, हे नगरच्या पोरींनाही शाळेत सांगितलं जात नाही. आजीलाही ते म्हातारपणी कळलं, मी वाचून दाखवलं तेव्हा.

त्याच वाचनात मला मुक्ता साळवे भेटली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनचं पत्र, १८४२ साली आमच्या नगरात जन्मलेलं. म्हणजे पुण्याच्या पोरीचा शब्द जगापुढं आला तो नगरात रुजलेल्या कागदावरून.

हा निबंध प्रत्येक शिक्षकानं एकदा तरी वर्गात मोठ्यानं वाचावा. वाडे बांधताना तिच्या माणसांना पायात गाडलं जात होतं, हे ती लिहिते. तालीमखान्यासमोरून गेलं तर काय होत होतं, हे लिहिते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिते. वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. तिला कुणी मुद्दे काढून दिले नव्हते. जिथं ती राहत होती ते तिनं पाहिलं, घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं आणि मांडलं. आजीनं तो निबंध ऐकून विचारलं, "हिला पुढं कुणी शिकवलं का गं?" तिच्या पुढच्या आयुष्याविषयी आपल्या हाती फारसं काही नाही. तिचा निबंध राहिला आहे.

माझ्या शाळेत, ऐंशीच्या दशकात, राष्ट्रीय प्रश्न गाईडमधून यायचे. हुंडा एक सामाजिक कीड, वाढती लोकसंख्या, राष्ट्रीय एकात्मता, निरक्षरता एक शाप. प्रस्तावना, कारणं, उपाय, समारोप. आम्ही ते घोकायचो आणि बाईंच्या लाल शाईची वाट बघायचो.

त्याच दिवसांत, दसरा-दिवाळीनंतर, भेंड्याचा कारखाना सुरू झाला की शाळेमागच्या पडीक रानात ऊसतोडीची टोळी उतरायची. पाथर्डीची, बीडची माणसं. पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. पहाटे तीनला गाड्या फडाकडं निघायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फेडेपर्यंत सुट्टी नाही. माझ्याच वयाची एक मुलगी शाळेच्या हौदावर पाणी भरायला यायची, कडेवर धाकटा भाऊ. हंडा भरेस्तोवर ती आमच्या खिडकीशी उभी राहायची. एकदा वर्गात सतराचा पाढा चालला होता आणि सतरा सातं आम्हां कुणाला येईना. खिडकीतून आवाज आला, "एकशे एकोणीस." बाईंनी तिला आत बोलावलं. ती म्हणाली, "बाळाला कुठं ठिवू?" आणि हंडा उचलून गेली. तिच्या गावच्या शाळेत ती चौथीत होती. होळीनंतर टोळी परतली की परीक्षेपुरतं बसायचं, एवढीच तिची शाळा.

त्या आठवड्यात आम्हाला निबंध होता तो निरक्षरतेवर. खिडकीतल्या मुलीचं नाव एकाही वहीत आलं नाही, कारण गाईडमध्ये ती नव्हती.

तिचं दुःख माझ्या आईला माझ्याहून लवकर कळलं. आई पाथर्डी तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती शाळेत होती, म्हणजे हजेरीपटावर होती. प्रत्यक्षात पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. तांबड्या मिलोची भाकरी आणि पोरांना वाटली जाणारी सुकडी, यांवर ते वर्ष निघालं. सुकडीचा वास आला की आई आजही तोंड फिरवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर उभी राहिली, पुढं तिचा कायदा झाला आणि तीस वर्षांनी देशानं तो धडा गिरवला. जिल्ह्याच्या एका अंगाला प्रवरानगर, जिथं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात ऊस गाळला. दुसऱ्या अंगाला पाथर्डी, जिथून त्या उसाला हात पुरवले जातात. साखर आणि कोयता एकाच जिल्ह्यात राहतात, आणि दोघांच्या पोरांची शाळा एक नाही, हा माझ्या मते आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा राष्ट्रीय प्रश्न आहे. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, स्थलांतर करणाऱ्या पोराला कुठल्याही शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही आला. यातलं काहीच वाया गेलेलं नाही, पण अजूनही दिवाळीनंतर वर्ग विरळ होतातच. मोठ्या मुलीला एकटी मागं ठेवायला आई-बाप धजत नाहीत, आणि तिचं लग्न लावलं की एक कोयता वाढतो.

एक गोष्ट आमच्या शाळेत मुलींनीच विचारली होती. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यातलं. सहलीला गेलो की मुलगे ओल्या वस्त्रानं चौथऱ्यावर चढायचे आणि आम्ही मुली खाली चपला राखायचो. सातवीतल्या एकीनं सरांना विचारलं, "आम्ही का नाही, सर?" सर म्हणाले, "प्रथा आहे." तिनं पुन्हा विचारलं, "कुणी पाडली?" त्याला उत्तर आलं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं पुढं तो प्रश्न रस्त्यावर आणला, तो उच्च न्यायालयात गेला, आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, बायकांना तो चौथरा खुला झाला. ती वर्गमैत्रीण आता शिक्षिका आहे. चौथऱ्यावर गेलीस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मला चढायचं नव्हतं गं, मला उत्तर हवं होतं."

त्याच वर्षी जुलैत कर्जत तालुक्यातलं कोपर्डी घडलं. एका शाळकरी मुलीवर झालेल्या त्या अत्याचारानं महाराष्ट्र ढवळून निघाला, लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्या मोर्चांत पुढं चालणाऱ्या आणि निवेदनं वाचणाऱ्या बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या. मोर्चे थांबल्यावर आडवाटेच्या गावांत उरलेला प्रश्न साधा होता: आठवीची शाळा दुसऱ्या गावात आहे, वाट निर्जन आहे, एसटी वेळेवर नाही, मुलीनं जायचं कसं? माझ्या भाचीनं तो प्रश्न तिच्या वहीत लिहिला होता. विषय होता 'माझी शाळा'. तिनं दीड पान रस्त्यावर लिहिलं आणि चार ओळी शाळेवर. शिक्षकांनी शेरा मारला, 'विषयाला धरून लिहावे.'

माझी विनंती शिक्षकांना आहे आणि गावच्या कारभाऱ्यांनाही. वर्षातून एक निबंध गाईड मिटून लिहून घ्या. विषय द्या, 'आमच्या वर्गात नसलेलं मूल'. मुलांना घरातल्या म्हाताऱ्यांना विचारू द्या, कोप्यांकडं जाऊ द्या, रस्ता मोजू द्या. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, अहवाल वाचायच्या आधी, त्यातले चार निबंध लिहिणाऱ्यांकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. नाही कळलं तर माघारी वाचायला सांगा.